हाकेच्या अंतरापलीकडे

अरण्यात मुक्कामाला जाताना माणसाने काय बरोबर न्यावे आणि काय मागे ठेवावे, हा प्रश्न वरवर पाहता भटक्यांचा वाटतो. आमच्या मते तो साहित्याच्या अभ्यासकांचाही आहे. तंबू, शिधा, दोर, औषधे यांबद्दल कोणी वाद घालत नाही. वाद सुरू होतो तो माणसांच्या आवाजापाशी. निसर्गाकडे जाणे म्हणजे माणसांकडे पाठ फिरवणे, ही समजूत रोमँटिक परंपरेने आपल्या मनात इतकी खोलवर रुजवली आहे की, पाठीवरच्या पिशवीत बिनतारी संच घेऊन रानात जाणारा माणूस आपल्याला सरळसरळ अरसिक वाटतो. एकांत शोधायला निघाला आणि गोंगाटाचे यंत्र घेऊन गेला, असे आपण म्हणतो. या लेखात आम्ही त्या माणसाची बाजू घेणार आहोत. मात्र त्यासाठी नेहमी दिली जाणारी कारणे आम्हाला पुरेशी वाटत नाहीत, हेही सांगणार आहोत.

ज्यांना हा छंद ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे विवरण आवश्यक आहे. हौशी रेडिओ, म्हणजेच बोलीत ‘हॅम’, हा परवानाधारकांचा छंद आहे. परीक्षा द्यावी लागते, सरकारकडून एक संकेतनाम मिळते (भारतात ते ‘व्हीयू’ने सुरू होते), आणि मग ठरावीक लहरींवर जगातल्या इतर परवानाधारकांशी संवाद साधता येतो. या संवादाला दोन अटी आहेत. त्यातून पैसा कमवायचा नाही, आणि बोलण्याचा अर्थ लपवण्यासाठी ते सांकेतिक कुलुपात बंद करायचे नाही. ज्याच्याकडे ग्राहक संच आहे त्या कोणालाही ते ऐकता आले पाहिजे. या छंदाची एक शाखा डोंगरमाथ्यांवर, उद्यानांत आणि अरण्यांत जाऊन तिथून संच चालवते. ब्रिटनमध्ये २ मार्च २००२ रोजी ‘समिट्स ऑन द एअर’ या नावाने या प्रकाराला एक व्यवस्थित रूप मिळाले. तिचे नियम बोलके आहेत: वाहनात बसून संच चालवायचा नाही, सगळे साहित्य स्वतः वाहून न्यायचे, वीज बॅटरीची किंवा सूर्याची असावी, इंधनावरचे जनित्र चालणार नाही.

आक्षेपकाची बाजू जिथे सर्वांत बळकट आहे तिथेच ती तपासावी, म्हणून आम्ही अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या उत्तर सीमेवरचे ‘बाउंडरी वॉटर्स’ हे अरण्य उदाहरणादाखल घेतो. सुमारे ११ लाख एकरांचा हा प्रदेश. हजाराहून अधिक सरोवरे, आणि एका सरोवरातून दुसऱ्याकडे जायचे तर नाव खांद्यावर घेऊन चालायचे. अमेरिकेने १९६४ साली अरण्यांसाठी स्वतंत्र कायदा केला. त्यात अरण्य म्हणजे जिथे माणूस केवळ पाहुणा असतो असा प्रदेश, ही कल्पना कायद्याच्या भाषेत मांडली गेली. या प्रदेशात तर त्याही आधी, १९४९ साली, राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी समुद्रसपाटीपासून ४,००० फुटांखालून विमाने उडवण्यास मनाई करणारा आदेश काढला होता. मासेमारीच्या शौकिनांना घेऊन येणाऱ्या छोट्या विमानांनी सरोवरांची शांतता मोडली होती, आणि ती परत मिळवण्यासाठी झटणाऱ्यांत सिगर्ड ओल्सन हा लेखक होता. शांततेसाठी आकाश राखून ठेवणारे हे अरण्य. तिथे कोणी झाडावर तार टाकून रेडिओ सुरू करत असेल, तर तो ओल्सनच्या वारशाचा अपमान नव्हे काय?

प्रश्न रास्त आहे. पण ओल्सनच्या पुस्तकांची नावे पाहावीत. १९५६ सालच्या पुस्तकाचे नाव ‘द सिंगिंग विल्डरनेस’, म्हणजे गाणारे अरण्य, आणि १९५८ सालच्या पुस्तकाचे ‘लिसनिंग पॉइंट’, म्हणजे ऐकण्याची जागा. ज्या माणसाने शांततेसाठी लढा दिला त्याला शांतता हवी होती ती ऐकण्यासाठी. काहीच ऐकू येऊ नये म्हणून नव्हे. त्या सरोवरांवर लून नावाचा पाणपक्षी असतो. त्याच्या अनेक आवाजांपैकी एक लांबलचक, विलापासारखा सूर असतो. रात्री एका पाण्यावरून तो उठतो आणि दुसऱ्या पाण्यावरून त्याला उत्तर येते. पक्षितज्ज्ञ सांगतात की, हा सूर एकमेकांचा ठाव घेण्यासाठी असतो. आपल्याकडचे रानही याहून वेगळे नाही. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’ किंवा मारुती चितमपल्लींची पुस्तके ज्यांनी वाचली आहेत त्यांना हे सांगायला नको की, रान हाकांवर आणि इशाऱ्यांवर जगते. अबोल अरण्य ही शहरी माणसाची कल्पना आहे. तेव्हा अरण्यात हाक असावी की नसावी हा प्रश्नच उरत नाही. तिथे कोणती हाक शोभते, एवढाच प्रश्न उरतो.

आता हा हौशी माणूस मुळात रानात का जातो ते पाहू. त्याच्या घरी संच आहे, बहुधा रानातल्यापेक्षा अधिक ताकदीचा. मग एवढी पायपीट कशासाठी? निसर्गाची ओढ आणि व्यायाम ही कारणे आहेतच. पण एक कारण असे आहे की जे आमच्या मते साहित्याच्या विद्यार्थ्याने मुद्दाम समजून घ्यावे. शहरात आता दुसऱ्या टोकाचा क्षीण आवाज ऐकूच येत नाही. मोबाइलचे चार्जर, एलईडी दिवे, सौरऊर्जेचे इन्व्हर्टर, घराघरातील पंखे-फ्रिजांची इलेक्ट्रॉनिक मंडले, ही सगळी लघुलहरींवर एक अखंड खरखर सोडत असतात. आपल्या कानांना ती जाणवत नाही, म्हणून आपण शहराला रात्री दोन वाजता शांत म्हणतो. रेडिओच्या कानाला ते शहर रात्री दोन वाजताही बाजारच असते. हौशी मंडळींच्या संकेतभाषेत माणसांनी केलेल्या व्यत्ययाला ‘क्यूआरएम’ म्हणतात आणि निसर्गाने केलेल्या खरखरीला, म्हणजे दूरच्या विजांच्या कडकडाटाला, ‘क्यूआरएन’. रानात पहिला जवळजवळ नाहीसा होतो. उरतो तो दुसरा. शेकडो कोसांवर कुठेतरी वादळ चालले आहे, आणि त्याची चुरचुर आपण तंबूत बसून ऐकतो आहोत!

ही कल्पना मराठी वाचकाला परकी वाटायचे कारण नाही. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे उभी असलेली जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची. ती तिथे उभारण्यामागच्या कारणांपैकी एक महत्त्वाचे कारण हेच होते की, त्या परिसरात मानवनिर्मित रेडिओ-गोंगाट कमी होता. ज्याला फार दुरून आलेला, फार क्षीण आवाज ऐकायचा आहे त्याला गावकुसाबाहेर जावे लागते. खगोलशास्त्रज्ञाला हे पटते, संतांना पटले होते, आणि बॅटरीवर चालणारा चिमुकला संच घेऊन निघालेल्या हौशी माणसालाही पटते. तो रानात जातो तो मुख्यतः बोलण्यासाठी नव्हे. ऐकू यावे म्हणून जातो.

तिथे पोहोचल्यावर तो करतो काय? दोरीला वजन बांधून ती एखाद्या फांदीवरून टाकतो आणि तिच्या आधाराने बारीक तार वर चढवतो. ७ मेगाहर्ट्झच्या लहरींसाठी अर्ध्या लहरीची तार सुमारे २० मीटर लागते, १४ मेगाहर्ट्झसाठी त्याच्या निम्मी. संच मुठीत किंवा ओंजळीत मावणारा. मोर्समध्ये संदेश पाठवायचा तर ५ वॉट किंवा त्याहून कमी शक्ती वापरणे, हा या मंडळींतल्या अनेकांचा आवडता दंडक. घरातल्या छोट्या रात्रदिव्याएवढी ही वीज. यानंतरची पायरी शिष्टाचाराची आहे आणि ती चुकवता येत नाही: आधी ऐकायचे. ती लहर रिकामी आहे का, कोणाचे बोलणे चालू आहे का, हे कान देऊन पाहायचे, मग विचारायचे, आणि मगच ‘सीक्यू’ अशी हाक द्यायची. जो कोणी ऐकत असेल त्याला, एवढाच तिचा अर्थ. ती नाव घेऊन कोणाला मारलेली नसते.

उत्तर येईल याची हमी नसते. आवाज वर जातो, आयनांबरावरून वळतो आणि कुठेतरी खाली उतरतो. कुठे, ते सूर्य ठरवतो. दिवसा आयनांबराचा सर्वांत खालचा थर कमी वारंवारतेच्या लहरी गिळून टाकतो, मावळतीनंतर तो विरतो आणि त्याच लहरी दूरवर पोहोचू लागतात. सूर्याच्या सुमारे ११ वर्षांच्या चक्राप्रमाणे काही वर्षे आकाश उदार असते, काही वर्षे कृपण. १० आणि ११ मे २०२४ रोजी सूर्यावरील उद्रेकांमुळे जे प्रचंड भूचुंबकीय वादळ झाले त्यात लडाखमधल्या हानले येथूनही आकाशात लाल आभा दिसली, आणि त्याच वादळाने जगभरचे लघुलहरी संपर्क विस्कळीत केले. म्हणजे हाक मारणारा माणूस हवामानाच्याही पलीकडच्या एका हवामानावर विसंबून असतो. तो निसर्गात यंत्र घुसवतो, असे म्हणण्यापेक्षा एरवी जो निसर्ग आपल्या इंद्रियांना कळत नाही त्याच्या हाती तो आपला शब्द सोपवतो, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

आणि ओ आली, तर काय बोलणे होते? इथे साहित्यिक वाचकाची निराशा होण्याचा संभव आहे. तुमचा आवाज कसा येतो त्याचा तीन आकडी शेरा, नाव, ठिकाण, कधी हवामान, आणि शेवटी ‘७३’, म्हणजे सप्रेम नमस्कार. दोन मिनिटांत सगळे संपते. थोरोने ‘वॉल्डन’मध्ये तारायंत्राची जी थट्टा केली ती इथे आठवणारच: मेन राज्यापासून टेक्ससपर्यंत तार जोडण्याची आपल्याला भारी घाई, पण दोघांपाशी एकमेकांना सांगण्याजोगे काही आहे का, अशा आशयाची. वर्गात ‘वॉल्डन’ शिकवताना विद्यार्थी या वाक्यावर हमखास खूश होतात, आणि हल्ली ते लगेच मोबाइलला लावतात. हौशी रेडिओलाही ते लावता येईल. सांगण्यासारखे काही नसताना रानातून हाका कशाला?

याचे उत्तर भाषाविज्ञानाने कधीच देऊन ठेवले आहे. मालिनोव्स्कीने १९२३ साली अशा बोलण्याकडे लक्ष वेधले की ज्याचे काम माहिती देणे नसून बंध जोडणे हे असते. रोमन याकोबसनने १९६० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात भाषेची जी सहा कार्ये सांगितली त्यांत याला स्वतंत्र स्थान दिले: संपर्क खुला आहे ना, हे पाहणारे भाषेचे कार्य. ‘काय, जेवलात का?’ या प्रश्नात जेवणाची चौकशी किती आणि ‘मी तुम्हाला पाहिले’ हे किती, ते आपण जाणतोच. आपल्या तारखात्यातही शुभेच्छांच्या ठरावीक वाक्यांना क्रमांक होते. पाठवणारा क्रमांक द्यायचा आणि पोचणाऱ्या कागदावर वाक्य उमटायचे. त्या तारा कोणी मजकुरासाठी जपून ठेवल्या नाहीत. १४ जुलै २०१३ हा आपल्या तारसेवेचा शेवटचा दिवस ठरला, आणि त्या दिवशी तारघरांपुढे रांगा लावणाऱ्यांना काही तातडीचे कळवायचे नव्हते. तसेच या ‘७३’चे आहे. मोकळ्या आकाशातून, पाच वॉटवर, खरखरीतून वाट काढत आलेल्या शेऱ्याचा आशय एवढाच: तू आहेस, हे मला ऐकू आले.

थोरोवरही अन्याय नको. वॉल्डन तळ्याकाठी ४ जुलै १८४५ ते ६ सप्टेंबर १८४७ तो राहिला तेव्हा आगगाडी त्या तळ्याच्या कडेने जात होती, पाहुणे येत होते, आणि पाहुण्यांवर त्याने एक प्रकरणही लिहिले. पुढे १८५१ साली त्या रुळांच्या बाजूने तारा ओढल्या गेल्या, तेव्हा वाऱ्याने झंकारणाऱ्या त्या तारांना त्याने आपल्या दैनंदिनीत वीणेची उपमा दिली आणि वारंवार त्यांच्याकडे कान लावून उभा राहिला. तारेतून जाणाऱ्या मजकुराची थट्टा करणारा थोरो आणि तारेचा नाद ऐकणारा थोरो हे एकच आहेत. पाठ्यपुस्तकांत पहिलाच भेटतो, म्हणून आपल्याला एकांत म्हणजे संपर्काचा अभाव असे वाटू लागते. एकांत आणि एकटेपणा हे दोन वेगळे शब्द मराठीने उगीच ठेवलेले नाहीत.

या छंदाचे समर्थन करताना बहुतेक जण उपयुक्ततेचा दाखला देतात, आणि तो खोटा नाही. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली हौशी मंडळींचा एक चमू अंदमानात पोर्ट ब्लेअर येथे संच चालवत होता. २६ तारखेला त्सुनामी आली, इतर संपर्क तुटले, आणि छंदासाठी नेलेले तेच संच मदतकार्याला लागले. असे प्रसंग अभिमानाचे आहेत. परंतु अरण्यातल्या रेडिओचे समर्थन आपण एवढ्यावरच उभे केले, तर ते फार दिवस टिकणार नाही. नोव्हेंबर २०२२ पासून अमेरिका आणि कॅनडात साध्या फोनमधूनही उपग्रहामार्फत संकटाचा संदेश पाठवण्याची सोय सुरू झाली. जीव वाचवणे हाच निकष असेल, तर त्या फोनने बाजी मारली आहे, आणि मारावीही. रानात अडकलेल्या माणसाला आयनांबराच्या मर्जीवर सोडा, असे कोणी शहाणा म्हणणार नाही.

आमचे म्हणणे असे की, उपग्रहाच्या फोनने रेडिओला उपयुक्ततेच्या ओझ्यातून मोकळे केले आहे, आणि त्यामुळे त्याचे खरे मोल आता स्पष्ट दिसते. फोनचा संदेश ठरलेल्या पत्त्यावर पोचतो. पोचला नाही तर यंत्र बिघडले असे आपण समजतो. हाकेला पत्ता नसतो, आणि ओ न आल्यास काहीही बिघडलेले नसते. पहिल्या व्यवहारात ऐकण्याला जागा नाही, दुसरा ऐकण्यानेच सुरू होतो. ज्या अरण्यात फोन हमखास लागतो ते अरण्य एका अर्थाने शहराच्या हद्दीत आले. ज्या अरण्यात हाक मारून वाट पाहावी लागते त्याचे अंतर अजून शाबूत आहे. त्या माणसाचा पाच वॉटचा संच हे अंतर पुसून टाकत नाही, ते त्याला जाणवून देतो.

अर्थात या छंदाचे सगळेच आम्हाला मान्य आहे असे नाही. शिखरांना गुण असतात, गुण मिळवायला चार संपर्क लागतात, आणि चार झाले की तार गुंडाळून पुढचे शिखर गाठणारेही असतात. त्यांना डोंगर म्हणजे केवळ उंच खांब. स्पर्धांच्या दिवशी तर कसाही आवाज आला तरी ‘५९९’ हा सर्वोत्तम शेरा यंत्रवत दिला जातो. ऐकल्याची खूण म्हणून जन्मलेला आकडा न ऐकताच उच्चारला जातो. २०१७ पासून ‘एफटी८’ नावाची पद्धत लोकप्रिय झाली आहे. तीत पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळ्यांनी संगणकच एकमेकांशी बोलतात आणि कानाला ऐकू न येणारा संकेतही उकलतात. तंत्र म्हणून ते थक्क करणारे आहे. मात्र रानात बसून पडद्यावर नावांची यादी सरकताना पाहणे आणि कर्णध्वनीतून आलेला एक थरथरता सूर ओळखणे यांत आम्हाला गुणात्मक फरक वाटतो. जिथे कान निवृत्त झाला तिथे आमचे समर्थनही थांबते. तसेच कर्णा लावून शेजारच्या तंबूतल्यांची झोप मोडणारा, किंवा झाडाची साल सोलवटून तार ताणणारा माणूस हॅम असला तरी अरण्याचा पाहुणा नव्हे.

साहित्याच्या वर्गाशी याचा संबंध काय, असे कोणी विचारील. ओसिप मांदेल्श्तामने १९१३ सालच्या एका निबंधात कवितेला बाटलीत घालून समुद्रात सोडलेल्या पत्राची उपमा दिली होती; ज्याला ती सापडते तोच तिचा वाचक. कविता शेजाऱ्याला उद्देशून नसते आणि हवेलाही नसते. ती कोणीतरी अनोळखी ऐकेल या भरवशावर असते. ‘सीक्यू’ची जात हीच आहे. आज आपले विद्यार्थी लिहितात ते ताबडतोब पोचते, पोचल्याची खूण येते, आवडल्याची खूण येते, आणि खूण आली नाही तर लिहिणेच व्यर्थ वाटू लागते. हाक आणि ओ यांच्यामधला जो काळ, ज्यात लेखन मुरते, तोच नाहीसा होत चालला आहे. त्याहून गंभीर म्हणजे, आधी ऐकावे आणि मग बोलावे, ही पायरीच गळून पडते आहे. पूर्वसूरींना न वाचता लिहिलेली कविता ही लहर रिकामी आहे का हे न पाहता केलेल्या प्रसारणासारखीच असते.

म्हणून अरण्यात संच नेणाऱ्या माणसाला अरसिक ठरवण्याआधी त्याच्या शेजारी थोडा वेळ बसून पाहावे, अशी आमची सूचना आहे. तो बराच वेळ काही बोलणार नाही. विजांची चुरचुर ऐकेल, दोन अनोळखी माणसांचे संपत आलेले बोलणे पुरे होऊ देईल, मग आपले संकेतनाम तीनदा देईल आणि पुन्हा ऐकत राहील. कधी ओ येईल, कधी येणार नाही. कवितेच्या तासाला आपण मुलांना नेमके हेच शिकवू पाहतो, आणि ते शिकवण्यासाठी आपल्यापाशी याहून सोपे उदाहरण निदान आम्हाला तरी ठाऊक नाही.